मेक्सिकोतील सदनिका बँकेच्या नावावर असेल, तर आपण नक्की कशाचे मालक?

कर्वेनगरवासी (प्रश्न)

नमस्कार. एका व्यवहाराच्या कागदावर सही करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मी पुण्यात एका अभियांत्रिकी कंपनीत नोकरी करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. माझा धाकटा भाऊ चोवीस वर्षांपासून टेक्सासमध्ये असून आता अमेरिकेचा नागरिक आहे. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर पुएर्तो वायार्ता नावाचे गाव आहे, तिथे तो आणि भावजय दर हिवाळ्यात जातात. या गावात दोन खोल्यांची एक सदनिका विकाऊ आहे आणि ती आम्ही दोघा भावांनी निम्म्या-निम्म्या हिश्शाने घ्यावी, असे त्याने सुचवले आहे. किंमत माझ्या आवाक्यात आहे, आणि भावाच्या व्यवहारज्ञानाबद्दलही मला शंका नाही. माझे घोडे अडले आहे ते कागदापाशी.

त्याने पाठवलेल्या मसुद्यात डाव्या बाजूला स्पॅनिश आणि उजव्या बाजूला इंग्रजी मजकूर आहे. पहिल्याच पानावर मालकी हक्क एका मेक्सिकन बँकेकडे राहील असे लिहिले आहे, त्याखाली मुदत पन्नास वर्षे असे आहे, आणि आम्हा दोघांची नावे 'लाभार्थी' म्हणून थेट तिसऱ्या परिच्छेदात येतात. आपल्याकडे ट्रस्ट म्हटले की धर्मादाय आयुक्त, देवस्थान नाहीतर शिक्षणसंस्था डोळ्यांसमोर येते. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या घराचा ट्रस्ट करायचा आणि त्याचा विश्वस्त एखादी बँक असायची, हे माझ्या पचनी पडत नाही. भोसरीत एमआयडीसीच्या ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावरील भूखंडांचे व्यवहार मी नोकरीत असताना पाहिलेले आहेत. हाही तसाच पट्टा आहे आणि केवळ गोड नावाने विकला जात आहे का, असे मनात येते.

माझ्या शंका अशा की ही मालकी आहे की भाडेपट्टा, बँक बुडाली तर सदनिकेचे काय, माझ्या पश्चात पत्नीला आणि मुलीला हिस्सा कसा मिळेल, आणि पुण्यातून एवढी रक्कम रीतसर पाठवता येते का. शेवटच्या मुद्द्यावर भावाने एक सोपी तोड सुचवली आहे. तो म्हणतो, "दादा, तुझे नाव कागदावर घालूच नको, सगळे माझ्या नावावर घेऊ, तू फक्त पैसे पाठव, आपण काय परके आहोत का?" परके नाही हे खरेच आहे, परंतु हे ऐकल्यापासून सौ. माझ्याशी मोजकेच बोलते आहे.

केरेतारोहून परत

आपल्या पहिल्या दोन शंकांची उत्तरे देऊ शकतो. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या उभारणीसाठी मी पाच वर्षे मेक्सिकोतील केरेतारो येथे होतो, आणि या रचनेच्या वाटेला एकदा स्वतः जाऊन आलो आहे.

तिला तिथे 'फिदेइकोमिसो' म्हणतात. ती का निर्माण झाली हे कळले की मसुद्यातील वाक्ये कमी बोचतात, म्हणून थोडा इतिहास. टेक्सास हा एके काळी मेक्सिकोचाच भाग होता. तिथे आलेल्या अमेरिकी वसाहतवाल्यांनी जमिनी घेतल्या, वस्ती वाढवली आणि १८३६ साली वेगळी चूल मांडली. पुढे १८४६ ते १८४८ या युद्धानंतर मेक्सिकोला आपला जवळजवळ निम्मा मुलूख अमेरिकेला द्यावा लागला. ज्या देशाने परक्यांच्या जमीनखरेदीची अशी किंमत मोजली, त्या देशाने क्रांतीनंतर १९१७ साली राज्यघटना लिहिताना २७ व्या कलमात असे घालून ठेवले की सीमेपासून १०० किलोमीटर आणि समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटर या पट्ट्यात परकीय व्यक्तीला जमिनीची थेट मालकी कोणत्याही कारणाने मिळणार नाही. आपला भाऊ टेक्सासात राहून हा कागद पाठवतो आहे, यात इतिहासाचा थोडा विनोद आहे.

पण पर्यटन वाढवायचे होते आणि परकीय पैसाही हवा होता. म्हणून घटनेला हात न लावता मधला मार्ग काढला गेला. परराष्ट्र मंत्रालयाच्या परवान्याने मेक्सिकन बँक जमिनीचे कायदेशीर नाव धारण करते, आणि वापरण्याचा, भाड्याने देण्याचा, दुरुस्तीचा, विकण्याचा व वारसांना देण्याचा हक्क परकीय लाभार्थ्याकडे राहतो. १९७३ च्या कायद्यात ही मुदत ३० वर्षे होती, १९९३ च्या परकीय गुंतवणूक कायद्याने ती ५० वर्षे केली, आणि अर्ज करून तिचे नूतनीकरण करता येते. पुएर्तो वायार्ता, कान्कून, लोस काबोस ही सगळी पर्यटकांची गावे या पट्ट्यात येतात. मेरिदा समुद्रापासून सुमारे ३५ किलोमीटर आत आहे, तरी तेही येते. मी राहत होतो त्या केरेतारोत मात्र परकीय माणूस थेट स्वतःच्या नावावर घर घेऊ शकतो.

आता भाडेपट्ट्याशी तुलना. पट्ट्यात मालक दुसरा असतो, मुदत संपली की जागा त्याच्याकडे परत जाते आणि मूल्यवाढीवर त्याचाही डोळा असतो. इथे बँकेला तसा कोणताही स्वार्थ नाही. आपल्या लेखी सूचनेशिवाय ती सदनिका विकू शकत नाही, गहाण ठेवू शकत नाही आणि तिथे कोणाला राहायलाही पाठवू शकत नाही. विक्रीचा पूर्ण नफा आपला, आणि तोटाही आपलाच. बँक या कामासाठी वार्षिक शुल्क घेते, ते साधारण पाचशे ते हजार अमेरिकी डॉलरच्या दरम्यान असते. माझ्या मते या रचनेविरुद्धचा खरा आक्षेप हाच आहे, कारण सदनिका रिकामी असो वा भरलेली, हे शुल्क आयुष्यभर द्यावे लागते.

बँक बुडण्याबद्दल सांगायचे तर विश्वस्त म्हणून धारण केलेली मालमत्ता बँकेच्या स्वतःच्या मालमत्तेत धरली जात नाही, त्यामुळे बँकेच्या देणेकऱ्यांना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. अशा वेळी विश्वस्तपद दुसऱ्या बँकेकडे सोपवले जाते. बँकेची सेवा आवडली नाही म्हणून लाभार्थी स्वतःही विश्वस्त बदलून घेऊ शकतो, फक्त त्याचा खर्च त्याच्या माथी बसतो.

एक कलम मात्र डोळ्यांखालून घालावे. परकीय खरेदीदार या मालमत्तेपुरते स्वतःला मेक्सिकन नागरिकासमान मानेल आणि तंटा झाल्यास स्वतःच्या सरकारकडे दाद मागणार नाही, मागितल्यास मालमत्ता जप्त होईल, असे त्यात लिहिलेले असते. त्याला काल्वो कलम म्हणतात. ते वगळून मिळणार नाही. आपल्या दूतावासाला पत्रे लिहून काही साधेल अशी आशा ठेवू नये, एवढाच त्याचा व्यावहारिक अर्थ.

सोसायटीचा सचिव

वरील प्रतिसाद वाचून असे वाटले की आपण पुणेकर याहून फार वेगळ्या स्थितीत राहत नाही. माझ्या सदनिकेखालची जमीन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या नावावर आहे आणि माझ्याकडे आहे ते भागपत्र व नोंदणीकृत करारनामा. तरी मी स्वतःला मालकच म्हणतो, आणि गृहकर्ज देणारी बँकही मला मालकच समजते. निदान आमच्या संस्थेच्या नावावर जमीन आहे. कित्येक संस्थांमध्ये बिल्डरने अभिहस्तांतरण न केल्यामुळे ती अजून बिल्डरच्याच नावावर आहे, आणि मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरशिवायच जमीन संस्थेच्या नावावर करून घेण्यासाठी, सभासद उपनिबंधक कार्यालयाचे जिने झिजवत आहेत. त्यापेक्षा परवाना घेऊन बसलेली बँक बरी म्हणायची.

सूची दोन

सचिवांची तुलना समजुतीसाठी चांगली आहे, परंतु ती ताणू नये. गृहनिर्माण संस्था म्हणजे शेवटी सभासदच असतात, सर्वसाधारण सभेत ते हात वर करून निर्णय घेतात. मेक्सिकन बँक म्हणजे आपण नव्हे. तिच्याशी आपले नाते केवळ त्या एका दस्तातील शब्दांनी बांधलेले असते, आणि म्हणून दस्तातील प्रत्येक शब्दाला वजन आहे. मी वकील आहे, वीस वर्षे हवेली तालुक्यातील जमिनींचे शोध अहवाल देते. मेक्सिकोच्या कायद्यात मी वकिली करत नाही, मात्र एका अशिलासाठी तिथल्या वकिलांबरोबर अशा एका खरेदीची कागदपत्रे तपासली आहेत. त्यातून जे शिकले ते सांगते.

धागाकर्त्यांचे सारे लक्ष बँकेवर आहे. मला त्यापेक्षा जमिनीची काळजी वाटते. विश्वस्त रचना कितीही भक्कम असली तरी जी जमीन विक्रेत्याचीच नव्हती ती बँकेच्या नावावर चढवून पवित्र होत नाही. मेक्सिकोत 'एखिदो' नावाचा जमिनीचा एक प्रकार आहे. १९१० च्या क्रांतीनंतर हाती आलेल्या जमिनी गावकऱ्यांच्या समूहांना कसण्यासाठी देण्यात आल्या, आणि त्या विकता येत नसत. १९९२ साली घटनेचे २७ वे कलम दुरुस्त झाल्यावर अशा जमिनीला पूर्ण मालकीत रूपांतरित करण्याची वाट खुली झाली, पण त्यासाठी गावसभेचा ठराव, कृषी नोंदणी कार्यालयातील नोंद, नवे मालकीपत्र आणि मग सार्वजनिक नोंदणी कार्यालयात दाखल अशा पायऱ्या चढाव्या लागतात. आपल्याकडे भोगवटादार वर्ग दोनची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेणाऱ्याची जी गत होते, तीच पायऱ्या गाळलेली एखिदो जमीन घेणाऱ्याची होते. सातबाऱ्यावर 'वर्ग २' असा उल्लेख दिसत असतानाही "साहेब, होऊन जाईल" म्हणणारे दलाल आपण पाहिले आहेत, तसे ते तिकडेही आहेत. २००० साली एन्सेनाडाजवळच्या पुंता बांदा येथे अनेक अमेरिकी कुटुंबांना समुद्रकाठची घरे सोडावी लागली, कारण ज्या एखिदोकडून त्यांनी जागा घेतल्या होत्या त्या जमिनीवर त्या एखिदोचा हक्क नसल्याचे न्यायालयात ठरले होते.

पुएर्तो वायार्तातील जुन्या इमारतीतील सदनिका असेल तर हा धोका कमी असतो, पण गृहीत धरू नये. विक्रेत्याचा मूळ दस्त, तो सार्वजनिक नोंदणी कार्यालयात कोणत्या क्रमांकाने नोंदला आहे, बोजा नसल्याचे ताजे प्रमाणपत्र, स्थानिक मालमत्ता कर व पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या आणि इमारतीच्या व्यवस्थापनाचे येणे नसल्याचा दाखला, एवढे कागद मागवून घ्या. इमारत अगदी पाण्याकाठी असेल तर आणखी एक गोष्ट विचारा. भरतीच्या रेषेपासून २० मीटरचा पट्टा केंद्र शासनाचा असतो, तो कोणालाही विकत मिळत नाही, फक्त वापराचा परवाना मिळतो. 'खासगी समुद्रकिनारा' असे जाहिरातीत लिहिले असेल तर ते जाहिरातीपुरतेच समजावे.

तिथल्या 'नोतारिओ' या पदाबद्दलही गैरसमज नको. शिवाजीनगर न्यायालयाबाहेर टेबल मांडून शिक्का देणारा आपला नोटरी आणि तो यांचा नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही. राज्य शासनाने नेमलेला तो अनुभवी कायदेतज्ज्ञ असतो, दस्त तोच लिहितो, आपल्या नोंदवहीत जतन करतो, कर तोच मोजून वसूल करतो. तरीही तो कोणा एका बाजूचा वकील नसतो. तुमच्या हिताचे पाहायला तुमचा स्वतंत्र वकील हवा, आणि तो विक्रेत्याच्या मध्यस्थाने सुचवलेला नको.

वारसाबद्दल विचारले आहे, तिथे मात्र ही रचना आपल्यापेक्षा सरस आहे. आपल्याकडे संस्थेत नामनिर्देशन केले की काम झाले असे लोक समजतात, प्रत्यक्षात नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने सांभाळणारी असते, आणि भांडणे तिथूनच सुरू होतात. फिदेइकोमिसोच्या दस्तात पर्यायी लाभार्थी नमूद करता येतात. लाभार्थी वारला की मृत्यूचा दाखला व ओळखीची कागदपत्रे दाखवून त्याचा हक्क त्यांच्याकडे जातो, त्या मालमत्तेपुरती न्यायालयात वारसाहक्काची कारवाई करावी लागत नाही. म्हणून आपल्या हिश्शापुढे पत्नीचे आणि तिच्या पश्चात मुलीचे नाव, पारपत्रावर आहे तसेच, स्पष्ट लिहून घ्या. हिस्सा निम्मा-निम्मा आहे हेही टक्केवारीसह लिहा.

ताळेबंद

पैशाच्या बाजूने लिहितो. मी सनदी लेखापाल आहे, सदाशिव पेठेत कार्यालय आहे, आणि परदेशी मालमत्तेची विवरणपत्रे दरवर्षी भरतो.

पुण्यात राहणाऱ्या निवासी व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, आणि परदेशात स्थावर मालमत्ता घेणे हा त्यातील मान्य हेतू आहे. २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांत अनिवासी नातेवाइकासह संयुक्तपणे मालमत्ता घेण्याचाही उल्लेख आहे, आणि भाऊ नातेवाइकांच्या व्याख्येत येतो. पत्नीलाही स्वतःची स्वतंत्र मर्यादा असते. म्हणजे मार्ग खुला आहे. बँकेत ए-२ अर्ज भरताना हेतूच्या रकान्यात मालमत्ता खरेदी असेच लिहा आणि सोबत कराराचा मसुदा जोडा. कागदावर मालक बँक आणि आपण लाभार्थी, हे पाहून शाखेतील अधिकारी गोंधळण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून रक्कम पाठवायच्या आदल्या दिवशी नव्हे, तर महिनाभर आधी मुख्य कार्यालयाच्या परकीय चलन विभागाकडून लेखी होकार घ्या.

स्रोतावर गोळा होणारा कर विसरू नका. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांवरील अशा रकमेवर बँक २० टक्के वसूल करते. समजा आपण ६० लाख रुपये पाठवले, तर वरच्या ५० लाखांवर १० लाख रुपये आधी बँकेत मोजावे लागतील. ते वाया जात नाहीत, विवरणपत्रात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोपर्यंत रक्कम अडकून राहते. निवृत्त माणसाने ही तजवीज आधी करावी.

आता भावाच्या सूचनेकडे येतो, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. पैसे आपण पाठवायचे, नाव त्याचे, आणि मनातून निम्मे घर आपले, हे तीन एकत्र बसत नाहीत. आपण बँकेत हेतू 'भेट' असा लिहिलात तर ती भेटच झाली, नातेवाइकाला भेट देण्यास मनाई नाही, पण मग त्या घरावर आपला काही हक्क उरत नाही. 'मालमत्ता खरेदी' असे लिहिलेत आणि दस्तात आपले नावच नसेल, तर आपण बँकेला चुकीचे सांगितले असे होते. आणि तोंडी हिस्सा ठेवून तो विवरणपत्रात दाखवला नाहीत, तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याची गाठ पडते. घर नसलेल्या दोन भावांचे पटते आणि घर असलेल्यांचे पटत नाही, असे मी व्यवसायात पुष्कळ पाहिले आहे, पण तो माझा विषय नव्हे.

विवरणपत्राबद्दल सांगायचे तर परदेशी मालमत्ता असली की साधा आयटीआर-१ चालत नाही. परकीय मालमत्तेच्या परिशिष्टात भारताबाहेरील कायद्याखाली निर्माण झालेल्या ज्या ट्रस्टचे आपण विश्वस्त, लाभार्थी किंवा संस्थापक असाल, त्यांच्यासाठी वेगळा तक्ता आहे. स्थावर मालमत्तेचा तक्ता निराळा. फिदेइकोमिसो कुठे दाखवावा यावर दोन मते संभवतात; मी माहिती दोन्ही ठिकाणी परस्पर उल्लेख करून देतो, कारण जास्तीचे सांगितल्याबद्दल कोणाला दंड झालेला मी पाहिलेला नाही. न दाखवल्यास मात्र वर्षाला दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून जी सूट मिळाली, तीत स्थावर मालमत्ता येत नाही, हे बरेच जण वाचायचे विसरतात. भाडे आले तर ते भारतातही करपात्र आहे. मेक्सिकोशी आपला दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार असल्याने तिथे भरलेल्या कराची वजावट मिळू शकते.

भावाला त्याच्या अमेरिकी लेखापालाने कदाचित "हा ट्रस्ट मानायचाच नाही" असे सांगितले असेल. अमेरिकेच्या महसूल खात्याने २०१३ च्या एका निर्णयात तसे म्हटलेले आहे खरे, पण ते अमेरिकी करापुरते. त्याच्या सल्ल्यावर आपले विवरणपत्र भरू नये.

जुनी पेठ

नम्रपणे विचारतो, एवढा उपद्व्याप कशासाठी? बँकेचे शुल्क, देखभाल, कर, दोन लेखापाल, दोन वकील, आणि पुण्याहून तिथे पोचायला दोन विमाने बदलून दीड दिवस. त्या पैशात बाणेरला एक खोली-स्वयंपाकघर घेतले तर भाडेकरूशी मराठीत भांडता तरी येईल.

केरेतारोहून परत

जुनी पेठ यांच्याशी मी निम्मा सहमत आहे, आणि त्याचे कारण माझ्या खिशाला ठाऊक आहे. वर मी 'वाटेला जाऊन आलो' असे लिहिले ते आता सांगतो.

तिथल्या चौथ्या वर्षी मी आणि एक सहकारी यांनी किनारपट्टीवरील एका नव्या प्रकल्पात सदनिका पसंत केली. प्रवर्तकाचे आणि गावाचे नाव देत नाही. कार्यालयात मोठी प्रतिकृती होती, तिच्यात निळ्या काचेचा समुद्र होता आणि आमच्या खिडकीत छोटा दिवा लागत असे. आम्ही प्रत्येकी सहा हजार डॉलर आगाऊ भरले. पावती मिळाली, तिच्यावर 'फिदेइकोमिसो प्रक्रियेत आहे' असे छापलेले होते. आम्ही ते वाचून निर्धास्त झालो, कारण 'बँक आहे ना मध्ये' असे वाटले. माझ्या मेक्सिकन वरिष्ठांनी पावती पाहिली आणि एकच विचारले, "बँकेने दिलेला कागद कुठे आहे?" तो नव्हताच. प्रक्रियेत होते ते बहुधा प्रवर्तकाच्या मनात. वरिष्ठांच्या ओळखीच्या नोतारिओने चौकशी केली तेव्हा कळले की जमीन अजून एखिदोची होती आणि गावसभेचा ठराव झालेला नव्हता. पैसे परत मिळवायला अकरा महिने लागले, आणि 'कार्यालयीन खर्च' म्हणून त्यातील बाराशे डॉलर कापले गेले.

म्हणून सूची दोन यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. बँक मध्ये आहे हे जोवर बँकेच्या कागदावर दिसत नाही तोवर ती मध्ये नाही. परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना निघालेला असेल तर त्याला क्रमांक असतो, तो मागा. विक्रेत्याकडे आधीच फिदेइकोमिसो असेल, तर दोन वाटा असतात. एक, नवा फिदेइकोमिसो करणे. दोन, विक्रेत्याचे लाभार्थी हक्क आपल्या नावे हस्तांतरित करून जुनाच चालू ठेवणे. दुसरी वाट स्वस्त पडू शकते, पण त्यात आपल्याला पन्नास वर्षे मिळत नाहीत, उरलेली वर्षे मिळतात. मसुद्यातील 'पन्नास' हा आकडा कुठून मोजायचा ते पाहा.

आणखी एक. खरेदीच्या वेळी दस्तात किंमत कमी दाखवा, कर वाचेल, असे सुचवणारे भेटतील. आपल्याकडचीच सवय. परंतु विकताना भांडवली नफा त्या दस्तातील किमतीवरून मोजला जातो, आणि तिथे न राहणाऱ्या परकीयाला नफ्यावर ३५ टक्के किंवा एकूण विक्री किमतीवर २५ टक्के असा कर बसू शकतो. आज वाचवलेले तेव्हा व्याजासह जाते.

कर्वेनगरवासी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मसुदा पुन्हा उघडला आणि या वेळी पहिल्या पानाऐवजी शेवटून वाचला.

सातव्या पानावर जोडपत्रांची यादी आहे. त्यात मंत्रालयाच्या परवान्याचा उल्लेख आहे, क्रमांकही आहे, आणि त्यापुढे तारीख आहे मार्च २००१. म्हणजे हा फिदेइकोमिसो विक्रेत्याचा आहे, एका कॅनडियन दांपत्याचा, आणि आम्हाला मिळणार ते हस्तांतर. पन्नास वर्षे २०५१ साली संपतात. भाऊ तोवर ऐंशीच्या घरात असेल आणि मी त्याच्याही पुढे, तेव्हा मुदत कोणाला पुरणार हा प्रश्न माझ्यापेक्षा मुलीचा आहे. भावाला हे ठाऊक नव्हते. तोही पहिल्याच पानावर 'पन्नास' वाचून थांबला होता. पर्यायी लाभार्थ्यांच्या जागी मसुद्यात अजून विक्रेत्यांच्या मुलांची नावे आहेत, ती तशीच राहिली असती तर आमच्या पश्चात घर ओंटारिओला गेले असते की काय, कोण जाणे.

ताळेबंद यांचा प्रतिसाद मी भावाला वाचून दाखवला. क्षणभर तो काही बोलला नाही, मग म्हणाला, "बरं, नाव घाल." भावजयीने मागून सांगितले की तिचेही मत पहिल्यापासून तेच होते. आता दोन गोष्टी विचारायच्या उरल्या आहेत. मुदत वाढवण्याचा अर्ज हस्तांतराबरोबरच करता येतो का? आणि मला सहीसाठी तिकडे जाणे शक्य नाही, तर पुण्यातून मुखत्यारपत्र पाठवता येईल का?

सूची दोन

मुखत्यारपत्र पाठवता येईल. भारत आणि मेक्सिको दोन्ही देश हेग अपोस्टिल करारात आहेत; अपोस्टिल म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात मान्य व्हावा म्हणून लावलेले सरकारी प्रमाणपत्र. इथे नोटरीसमोर सही, मग राज्य शासनाच्या पातळीवरचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, आणि शेवटी तिथल्या मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून स्पॅनिश भाषांतर, असा क्रम आहे. मजकूर मात्र इथे कोणाकडून लिहून घेऊ नका. व्यवहार करणाऱ्या नोतारिओकडून मागवा, कारण त्याला हवे ते अधिकार हव्या त्या शब्दांत नसतील तर सगळे शिक्के पुन्हा मारून घ्यावे लागतात. आणि मुखत्यारपत्र सर्वसाधारण नको, या एका सदनिकेच्या खरेदीपुरते असावे, मुदत घातलेले असावे. मुखत्यार भाऊच असला तरीही.

केरेतारोहून परत

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी करायचा असतो, मात्र २०५१ ची वाट पाहत बसण्यापेक्षा आत्ताच बँकेला दोन्ही पर्यायांचे खर्चपत्रक मागा. एक हस्तांतराचे, दुसरे नव्या फिदेइकोमिसोचे. दोन्हींतील फरक पाहून ठरवता येईल. पत्रात विक्रेत्यांनी वार्षिक शुल्क कोणत्या वर्षापर्यंत भरले आहे तेही विचारा. दांपत्य कॅनडाला परतून काही वर्षे झाली असतील, तर ती थकबाकी आधी त्यांच्याकडून चुकती करून घ्या, नाहीतर बँक ती तुमच्याकडे मागेल.

कर्वेनगरवासी

आजच विचारले. २०२१ पासून भरलेले नाही.